धर्मादाय रुग्णालय: निधी संपला म्हणजे खाटही संपली का?

चौकस: ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखीव असतात म्हणे. विचारायला गेलं की 'निधी संपला' एवढंच ऐकू येतं. नियम नेमका काय? आणि दानधर्म करणाऱ्या संस्थेवर सरकार सक्ती तरी कशी करतं?

कायदेपाळ: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक बघा. त्याखालची योजना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशातून आली. १०% खाटा निर्धनांना मोफत, आणखी १०% दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळी शिधापत्रिका लागते.

'निधी संपला' यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. निर्धन रुग्ण निधीत रुग्णालय इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २% रक्कम टाकतं. त्यातून निर्धनांची औषधं, साहित्य, इम्प्लांट यांचा खर्च निघतो, तोही रुग्णालयाच्या खरेदी किमतीने. खाट, शुश्रूषा, निवासी डॉक्टरांची सेवा, जेवण, नेहमीच्या तपासण्या या निधीवर चालतच नाहीत. त्या तशाच मोफत द्यायच्या. निधी कमी पडला तर रुग्णालयाने देखरेख समितीकडे जायचं, रुग्णाला परत पाठवायचं नाही.

चौकस: आणि तातडीच्या वेळी दाखला हाताशी नसेल तर?

कायदेपाळ: अनामत न मागता दाखल करून रुग्ण स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेच लागतात. दाखला मागाहून.

तिसरी_घंटा: सक्तीबद्दल. ट्रस्ट धर्मादाय म्हणून नोंदला की प्राप्तिकरात सूट, कित्येकांना नाममात्र भाड्याने सरकारी जमीन. म्हणजे लोकांचा पैसा आधीच आत गेलेला असतो. त्याच्या बदल्यात मागितलेल्या खाटांना दान म्हणणं मला पटत नाही. ही सरळ देवघेव आहे. फक्त सरकार आपली बाजू वसूल करायला फारसं उत्सुक नसतं.

कायदेपाळ: वसुली बऱ्याचदा रुग्णाच्या नातेवाइकांनाच करावी लागते, हे खरं. रुग्ण दाखल होतानाच अर्ज रुग्णालयाच्या मेडिकल सोशल वर्करकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बिल निघाल्यावर मागितलं की प्रकरण 'सूट द्या हो' अशा विनवणीवर येतं. खाट नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. तक्रार धर्मादाय सह आयुक्तांकडे, त्या दिवशीच्या रिकाम्या राखीव खाटांचा आकडा विचारून.