उसन्या गळ्यातली गाणी : साठच्या दशकातलं फोक-रॉक (अनुभव धागा)

मंडळी, परवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर 'पीटर, पॉल अँड मेरी'चं '५०० माइल्स' लावलं होतं. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "हे 'जब कोई बात बिगड़ जाए'चं इंग्लिश व्हर्जन कधी आलं?" हसू आलं खरं, पण विचारणाऱ्याचं काय चुकलं? हे त्रिकूट तरी कुठे मूळचं? गाणं हेडी वेस्ट या लोकगायिकेचं. या मंडळींनी ते १९६२ साली गायलं आणि आपल्याकडे ही चाल ज्यात आली तो 'जुर्म' सिनेमा १९९० चा. ज्याला जे आधी भेटलं ते त्याचं मूळ.

तर धाग्याचा विषय हाच : फोक-रॉक, म्हणजे लोकगीतांच्या ढंगाला रॉकची गिटार-ड्रम्स जोडलेलं संगीत, आणि त्यातली एकानं दुसऱ्याची गायलेली गाणी. बॉब डिलन, जोन बायेझ हे गायक, बर्ड्‌स, सायमन-गारफंकेल हे गट, यांची ही सगळी गाणी तुमच्यापर्यंत पहिल्यांदा कुणाच्या आवाजात आली? कुठे ऐकलीत? नंतर मूळ गाणं सापडलं तेव्हा काय वाटलं? ज्ञान पाजळायला हरकत नाही, पण आधी अनुभव. आणि कृपा करून नुसत्या लिंकांच्या माळा लावू नका.

बारातारी, डोंबिवली

पहिला नंबर माझा. घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. शनिवारी रात्री आकाशवाणी मुंबईच्या 'ब' केंद्रावर 'सॅटर्डे डेट' लागायचं. वडील झोपले की आवाज अगदी बारीक करून कान जाळीला लावायचा. तिथे 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' ऐकलं, बर्ड्‌सचं. सुरुवातीची गिटार ऐकून मला ते संतूर वाटलं होतं! शब्द निम्मेही कळले नाहीत, पण ती किणकिण डोक्यातून जाईना.

पुढे नोकरी लागल्यावर सेकंडहँड बारा तारांची गिटार घेतली तेव्हा त्या आवाजाचं गुपित कळलं. तारा जोडीनं असतात. खालच्या पट्टीच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या बरोबर सप्तकभर वर लावलेली एक बारीक. उरलेल्या दोन जोड्या एकाच स्वरात. म्हणजे एक स्वर छेडला की त्याची सावली वरच्या सप्तकात आपोआप वाजते. त्या बँडच्या मॅग्विनची रिकनबॅकर गिटार विजेवर चालणारी, त्यात स्टुडिओत आवाज दाबून सपाट केलेला, म्हणून स्वर विझता विझत नाही. जुलैत डोंबिवलीच्या हवेत बारा तारा सुरात ठेवणं हा मात्र वेगळाच जन्म घ्यायचा प्रकार आहे.

डिलनचं मूळ ऐकलं ते नोकरीत स्थिरावल्यावर, मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात. साडेपाच मिनिटं, चार कडवी. बर्ड्‌सनी त्यातलं एकच ठेवलं आणि अडीच मिनिटांत गाणं उरकलं. गंमत म्हणजे जानेवारी १९६५ च्या त्या रेकॉर्डिंगला बँडपैकी एकट्या मॅग्विननं वाद्य वाजवलंय, बाकी सगळे स्टुडिओतले भाडोत्री वादक. तरी सांगतो, मला आजही तेच आवडतं. डिलनचं ऐकताना मी कविता ऐकतो, बर्ड्‌सचं ऐकताना गाणं.

खवचट, मूळ परभणी

दादर, पुणे, पणजी असं चाललंय तुमचं. आमच्याकडे रेडिओ म्हणजे बिनाका गीतमाला. 'सॅटर्डे डेट' वगैरे नाव आजच ऐकतोय. पण थांबा, एक गाणं आम्हीही गायलंय. शाळेच्या मैदानात, रांगेत, उन्हात उभं राहून, 'हम होंगे कामयाब'. गिरिजाकुमार माथुरांचे शब्द. चाल मात्र 'वी शॅल ओव्हरकम'ची. कॉलेजात गेल्यावर मित्राच्या वॉकमनवर पीट सीगर या अमेरिकन लोकगायकाच्या आवाजात ते ऐकलं आणि आधी वाटलं, यानं आपली प्रार्थना ढापली की काय!

मग शोधत गेलो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांत त्याची मुळं. १९४५-४६ च्या सुमारास चार्ल्‌स्टनच्या तंबाखू कामगारांनी संपात ते गायलं. तिथून हायलँडर नावाच्या कार्यकर्त्यांच्या शाळेत गेलं, तिथे सीगरच्या हाती लागलं. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात जोन बायेझनं गायलं ते हेच. बिडी-तंबाखूच्या कामगारांचं गाणं आमच्या पी.टी.च्या सरांनी शिट्टी मारून म्हणून घेतलं, हा आमचा साठच्या दशकाशी संबंध. 'फोक' म्हणाल तर यापेक्षा जास्त फोक काय असतं?

धागाकर्ता: खवचट, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

ठेका, सांगली

वालचंदच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मुलाकडे गिटार होती आणि त्याला एकच गाणं यायचं, 'हाउस ऑफ द रायझिंग सन'. संध्याकाळ झाली की तेच. मी तबला शिकलेला. एकदा वैतागून जाऊन बसलो त्याच्याशेजारी, म्हटलं वाजव. ऐकतो तर काय, सरळ सहा मात्रा! धा धी ना, धा ती ना. एका कॉर्डला एक आवर्तन, आणि कॉर्ड बदलतो तिथे बरोब्बर सम. त्याला ए मायनर, सी, डी, एफ माहीत, मला दादरा माहीत, दोघांनाही इंग्रजी शब्दांचा अर्थ धड माहीत नाही. मेसच्या गच्चीवर पोरं जमायला लागली. शेवटी शेवटी मी लग्गी लावायचो आणि तो 'अरे हळू, हळू' म्हणून ओरडायचा.

ॲनिमल्स या इंग्लिश बँडचं रेकॉर्डिंग नंतर ऐकलं, १९६४ चं. ती ऑर्गनची घरघर अंगावर येते. एका टेकमध्ये झालंय म्हणतात आणि ऐकताना ते पटतं. पण माझ्या डोक्यात अजून त्याच्याखाली डग्गा वाजतो, त्याला इलाज नाही.

म्हापशेकार

ठेका, आमच्या काकांच्या बँडमध्ये हेच गाणं लग्नांत 'स्लो' म्हणून वाजवायचे, नवरा-नवरी नाचायची. गाणं न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम घराचं आहे हे पाद्रीबाबांना कुणी सांगितलं नाही म्हणून बरं!

गोव्यात त्या काळी बीट शो व्हायचे आणि बँडची लायकी एकाच गोष्टीवर ठरायची, रेकॉर्डसारखं हुबेहूब वाजवता येतं का. नोटेशन कोण देणार? काका ४५ ची तबकडी ३३ वर लावायचे. गाणं रेंगाळायचं आणि स्वर साधारण मध्यमाइतके खाली घसरायचे. गायक रेड्यासारखा हंबरायचा, पण लीड गिटारचा एकेक सूर वेगळा ऐकू यायचा. तो कागदावर सा-रे-ग मध्ये लिहायचा आणि मग परत वर चढवायचा. सा-रे-ग का, तर काका लहानपणी देवळातल्या भजनाला पेटी वाजवायचे. त्या वहीत एका पानावर सायमन-गारफंकेल आणि पाठच्या पानावर आरती, अशी अवस्था आहे. वही माझ्याकडे आहे, सुई लागून लागून झिजलेल्या तबकड्या मात्र गेल्या.

मूळ ऐकून काय वाटलं, हा प्रश्न आमच्याकडे उलटाच. मूळ रेकॉर्ड ऐकली की आई म्हणायची, "काकांसारखं नाही वाजवलंय."

जर्सीकर

'साउंड ऑफ सायलेन्स'बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? त्याची गोष्ट म्हणजे स्वतःच्याच गाण्याचं परस्पर झालेलं कव्हर (एरवी कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्यानं गाणं). सायमन-गारफंकेलच्या १९६४ च्या पहिल्या अल्बममध्ये ते नुसतं दोन आवाज आणि गिटार असं होतं. अल्बम आपटला. दोघं पांगले, सायमन युरोपात जाऊन गात फिरू लागला. इकडे जून १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सननं त्या जुन्या रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स चढवले. गायकांना न विचारता! जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ऐकून बघा, साध्या रेकॉर्डिंगचा वेग थोडा मागेपुढे होतो आणि मागचे वादक त्याला सांभाळून घेताना ऐकू येतात.

मी हे गाणं मुंबईत ऐकलं ते ड्रम्सवालं. साधं ऐकलं थेट १९ सप्टेंबर १९८१ ला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, त्या दोघांच्या कार्यक्रमात. इकडे शिकायला आलेलो, खिशात दमडी नाही आणि कार्यक्रम फुकट, मग काय. पाच लाख लोक असावेत असा अंदाज नंतर छापून आला. मला मंच दिसतसुद्धा नव्हता, पुढच्या माणसाच्या खांद्यावरचं पोर तेवढं दिसत होतं. शेवटाकडे बँड थांबला आणि एका गिटारवर दोघांनीच हे गाणं घेतलं. त्यात दहा हजार माणसांचा उल्लेख येतो ना, त्या ओळीवर सगळा पार्क ओरडला. शांततेवरच्या गाण्यात इतका आरडाओरडा! त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डमध्येही तो आहे. त्यातला एक आवाज माझा, हे मुलांना सांगून सांगून त्यांना आता कंटाळा आलाय.

नागपूरची ताई

मी थोडंच लिहिते. 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन'. दादा अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्या कॅसेटी माझ्याकडे आल्या. त्यात हे पीटर-पॉल-मेरीचं होतं. तेव्हा विमानतळावर पोचवायला अख्खं घर जायचं, आम्ही नागपूरहून मुंबईला रात्रभर रेल्वेनं गेलो होतो. पत्र यायला पंधरवडा लागायचा आणि फोन म्हणजे कुणीतरी गेल्याचाच. आई ते गाणं लावू द्यायची नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण विमान शब्द कळायचा.

गाणं मुळात जॉन डेन्व्हरचं हे मला दादानंच नंतर सांगितलं. डेन्व्हरचंही छान आहे. पण निघून जाणारा पुरुष स्वतः गातोय आणि मेरी ट्रॅव्हर्स गातेय यात फरक पडतो. ती गाते तेव्हा जाणाराही रडतो असं वाटतं.

हॅरोकर

एक वेगळा सूर लावतो. वर सगळे 'कव्हर' शब्द फार प्रेमानं वापरताहेत, पण पैसे कुणाला मिळाले हेही बघा. 'रायझिंग सन' पारंपरिक, पाचांनी मिळून वाजवलं, रेकॉर्डवर मात्र मांडणीचं श्रेय ॲनिमल्सच्या ऑर्गनवाल्या एकट्या ॲलन प्राइसचं, म्हणजे मानधनही त्याचंच. 'स्कारबरो फेअर' पॉल सायमननं लंडनमध्ये मार्टिन कार्थी या इंग्लिश लोकगायकाकडून उचललं, कार्थीच्या गिटारच्या मांडणीसकट, आणि १९६६ च्या अल्बमवर त्याचं नाव नाही. बरीच वर्षं धुसफुस होती. २००० साली सायमननं कार्थीला लंडनच्या कार्यक्रमात मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते मिळून गायलं, तेव्हा मिटलं.

मी इथे एका पबच्या माडीवरच्या फोक क्लबात जातो. माइक नाही, चाळीसेक खुर्च्या, मध्यंतरात लॉटरीची तिकिटं. कुणीही उठून एक-दोन गाणी म्हणतं, पण आधी सांगतं, हे मी अमक्याकडून शिकलो, त्यानं तमक्याकडून. धृपद आलं की सगळी माडी गाते. तिथे मी एकदा तुकोबांचा अभंग म्हटला. "कुणाकडून शिकलास?" म्हटलं, आजीकडून. "आणि तिनं?" इथे मात्र उत्तर लांबलं! तुकोबांचा अभंग भीमसेनांनी गायला म्हणून आपण त्याला कव्हर म्हणत नाही. पण शेवटच्या ओळीत 'तुका म्हणे' असतंच ना? नाव काढून कुणी गात नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

बारातारी: हॅरोकर, मान्य. पण डिलननं तरी 'रायझिंग सन'ची मांडणी डेव्ह व्हॅन रॉंक या न्यूयॉर्कच्या लोकगायकाकडूनच उचलली होती, १९६२ च्या पहिल्या अल्बमसाठी. मग ॲनिमल्सचं इतकं गाजलं की डिलन त्यांचीच नक्कल करतोय असं लोकांना वाटायला लागलं. याला म्हणतात फेडणं!

नवखा, पुणे

वय २४, त्यामुळे नॉस्टॅल्जियाचा हक्क नाही, तरी लिहितो. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचं ऐकलं, १९६८ चं, आणि वेडा झालो. मग डिलनचं शोधलं, जेमतेम वर्षभर आधीचं. गिटार, माउथ ऑर्गन, मागे मोजकं बेस-ड्रम. मला ते डेमो वाटलं. पण डिलन स्वतःही पुढे मंचावर ते हेंड्रिक्सच्या ढंगानंच वाजवायला लागला, म्हणजे मी एकटाच नाही. मारू नका.

शिक्षिका, निवृत्त, कोल्हापूर

नवख्या, मारत नाही. माझं गाणं 'बोथ साइड्‌स नाउ'. ज्यूडी कॉलिन्सच्या आवाजात ते १९६८ साली गाजलं, लिहिणाऱ्या जोनी मिचेलनं स्वतःचं रेकॉर्ड केलं १९६९ मध्ये. मी पहिलं ऐकलं ते कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणीच्या घरी, कॉलिन्सचंच. 'जेएस' या तरुणांच्या इंग्लिश नियतकालिकातून गाण्यांचे शब्द उतरवून घेण्याच्या त्या दिवसांत हेही वहीत उतरवलेलं. ढग, प्रेम, आयुष्य, तिन्हीकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं म्हणणारी मुलगी, लिहिताना पंचविशीच्याही आतली. आम्ही सतराच्या, आम्हाला अगदी पटायचं, काय पाहिलं होतं देव जाणे!

२००० साली जोनीनं हेच गाणं पुन्हा गायलं, मोठ्या वाद्यवृंदाबरोबर. सिगारेटींनी आणि वयानं आवाज पार खाली उतरलेला, पूर्वीचं उडतं टोक गेलेलं. लय इतकी संथ की पुढचा शब्द येतो की नाही असं वाटतं. माझ्या मते हेच गाण्याचं खरं कव्हर, आणि ते तिचं तिनंच केलंय. सून म्हणाली, "आई, जरा आनंदी काहीतरी लावा की." लावलं मग काहीतरी.

अर्धवट आठवण, नाशिक

एक मदत हवी. कुणाच्या तरी कॅसेटवर ऐकलेलं इंग्लिश गाणं. बाईचा आवाज, लांबलचक, सात-आठ मिनिटांचं. कुणी उमराव, त्याची बायको, एक तरुण, एक नोकर धावत निरोप द्यायला जातो. शेवटी व्हायोलिन आणि गिटार नुसती सुटतात. कॅसेट कथेच्या मध्यावर गुंडाळली गेली होती, पुढे काय झालं ते कळलंच नाही.

हॅरोकर: 'मॅटी ग्रोव्ह्‌ज'. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, १९६९, अल्बम 'लीज अँड लीफ', गायिका सँडी डेनी. गोष्ट सतराव्या शतकापासून चालत आलेली आहे, मूळ कवी कुणालाच माहीत नाही, तेव्हा या एका बाबतीत माझं भांडण नाही. आणि हो, उमराव दोघांनाही ठार मारतो.