माणसं लांब गेली, देव जवळ आहे म्हणतात, पण जाणवत का नाही?

ओंजळ:
जय ख्रिस्त सगळ्यांना. नवरा वेगळा राहायला लागला, मुलगी शिकायला बाहेर, आई तर त्याच्या आधीच गेली, आता घरात मी एकटी. चर्चमध्ये जो भेटेल तो म्हणतो ताई देव विश्वासू आहे, तुमच्याजवळ आहे. विश्वास आहे हो माझा, पण रात्री प्रार्थनेला बसलं की काहीच जाणवत नाही, नुसती शांतता. माझंच काही चुकतंय का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा, नुसती बायबलची वचनं फॉरवर्ड करू नका.

सहप्रवासी:
ताई तुमचं काही चुकत नाहीये, हे आधी. बायबलमधली योसेफाची गोष्ट परत वाचा, उत्पत्तीच्या पुस्तकात ३७ व्या अध्यायापासून, सावकाश. १७ वर्षांचा होता तेव्हा भावांनी गुलाम म्हणून विकला, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३० चा, पुढे सुकाळाची ७ वर्षं, मग दुष्काळात भाऊ भेटले, म्हणजे वीसेक वर्षं बापाचं तोंड बघितलं नाही त्याने. आणि देव त्याच्या पणजोबाशी अब्राहामाशी, बापाशी याकोबाशी बोलला तसा योसेफाशी थेट बोलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही! पण ३९ व्या अध्यायात परत परत येतं की परमेश्वर योसेफाबरोबर होता, त्याला विकत घेणाऱ्या पोटीफराच्या घरात पण आणि तुरुंगात पण. सुटका व्हायच्या कितीतरी आधी. देव जवळ असेल तर ताटातूट संपलीच पाहिजे असं आपण धरून चालतो आणि मग खचतो.

पहाटवारा:
वरचं पटलं, पण योसेफाला शेवटी सगळे भेटले, सगळ्यांना भेटत नाहीत. माझी बायको परत आली नाही. मला त्या काळात बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ८८ ने धरून ठेवलं. त्यात माणूस देवालाच म्हणतो की माझे जवळचे लोक तू माझ्यापासून दूर केलेस, आणि स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही की स्तुती नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. तेव्हापासून मी सजवून प्रार्थना करणं सोडलं, राग आला तर राग सांगतो. जाणवायला लागलं का? रोज नाही, खरं सांगतो. पण ज्याच्याशी भांडतोय तो ऐकतोय एवढी खात्री आहे.

दिवेलागण:
२ तीमथ्य ४ बघा ताई, प्रेषित पौलाने तुरुंगातून आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेलं पत्र. पौल म्हणतो माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, सगळे सोडून गेले, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. आणि त्याच पत्रात तीमथ्याला सांगतो लवकर ये, हिवाळ्याच्या आधी ये, मार्कला घेऊन ये, माझा झगा आण, पुस्तकं आण. प्रभू जवळ असून पण त्याला माणूस हवाच होता, आणि त्याने सरळ मागितला. एकटं वाटतंय म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. तुम्ही कोणाला 'ये' म्हणालात का?

ओंजळ:
नाही म्हणाले कोणाला. लाज वाटते, सगळे आपापल्या संसारात. पण मोठ्या बहिणीला आज विचारते राहायला येशील का म्हणून. स्तोत्र ८८ आधी कधी वाचलंच नव्हतं, आत्ता वाचलं, रडू आलं खूप. पहाटवारा दादा, तुमच्यासाठी पण प्रार्थना करते. ज्यांचं माणूस परत आलं नाही असे अजून कोणी असतील तर लिहा ना.