क्लिनिकल रिसर्चमध्ये जायचं तर एमबीबीएसला असतानाच काय करावं?

कळव्याची_मेडिको:
मी ठाण्याची, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार्माकॉलॉजीत औषधांच्या चाचण्यांचे टप्पे शिकवले आणि विषय मनात घर करून बसला. पण बॅचमध्ये सगळी चर्चा नीट पीजीची. आई विचारते, 'मग तू पेशंट तपासणारच नाहीस का?' हे काम रोजच्या रोज कसं असतं?

खारघर_डॉक्टर:
आईंना सांग, पेशंट सुटत नाहीत. एमडी फार्माकॉलॉजी करून मी नऊ वर्षं कॅन्सरच्या ट्रायल्सवर आहे. माझा निम्मा दिवस पेशंटशेजारच्या खुर्चीवर जातो.

उरणच्या एका मावशींना संमतीपत्र समजावत होते. छापलेलं होतं 'यादृच्छिक गटवारी', म्हणजे कोण कोणत्या उपचाराच्या गटात जाईल ते ठरवण्याची पद्धत. दोनदा सांगूनही त्यांचा चेहरा कोराच. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठी टाकणार. डॉक्टर आपल्या मनाने ठरवणार नाही." अगदी बरोबर! तेव्हापासून मी प्रत्येकाला चिठ्ठीच सांगते. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे संपूर्ण वेळ त्रयस्थ साक्षीदार बसवला होता. नियमच आहे तसा, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

बाकी कागद खूप. पेशंटला गंभीर त्रास झाला तर २४ तासांत कळवावं लागतं, मग रविवार असो की गणपती.

पण एवढ्या कागदांतून काय निघतं तेही बघ. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या एका ट्रायलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. दात काढताना भुलीसाठी देतात तेच, स्वस्त. सुमारे १६०० बायका होत्या. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण लिग्नोकेन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, दिलेल्या गटात ९०.१. २०२३ मध्ये छापून आलंय, पेपर मुळातून वाच.

नेरूळ_सीआरसी:
डॉक्टरांशी सहमत. एक भर घालते: कंपनीच्या बाजूने मॉनिटर झालात तर बॅग कायम भरलेली ठेवावी लागते, ट्रायल जिथे चालू आहे ती हॉस्पिटलं तपासत गावोगाव फिरावं लागतं. औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारं फार्माकोव्हिजिलन्स मात्र बहुतेक टेबलावरचं काम. दोन्ही वेगळे स्वभाव मागतात.

कळव्याची_मेडिको:
खूप आभार! सुरुवात कुठून करू?

खारघर_डॉक्टर:
आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप एमबीबीएस, बीडीएसच्या मुलांसाठी आहे, दोन महिन्यांचं संशोधनाचं काम. कॉलेजमधला गाइड आत्ताच गाठ. एथिक्स कमिटीच्या मंजुरीलाही वेळ लागतो. प्रश्न छोटा घे, तुमच्याच ओपीडीतला.

आणि सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिच्या वेबसाइटवर ठाणे, नवी मुंबईत कुठे कोणत्या ट्रायल्स चालू आहेत ते शोध. एखाद्या प्रमुख संशोधकांना पत्र लिही. संमती घेताना बसायचं असेल तर त्यांची परवानगी हवी, आणि पेशंटचीही. मिळाली तर ठाण्याहून पनवेल लोकल पकड आणि ये. सोबत फक्त वही आण, मोबाइल बॅगेत राहू दे.