तळ्याकाठचे संत : तुमचेही अनुभव लिहा

चांदणवेल :
कुंपणावरच्या आयव्हीच्या वेलीत ब्लॅकबर्ड पक्ष्यानं घरटं केलंय. मादी अंड्यांवर बसली की पाऊस येवो, वारा सुटो, जागची हलत नाही. सकाळी चहा घेताना तिच्याकडे बघत होते आणि ग्लेन्डालॉख आठवलं. डब्लिनला नवीन आलो तेव्हा गेलो होतो. विकलोच्या डोंगरातली दरी, दोन तळी आणि सहाव्या शतकातले संत केविन.
बरेच जण गोल मनोरा बघून परततात. आहेच तो देखणा, 30 मीटर उंच, दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर. पण माझा जीव अडकला वरच्या तळ्यापाशी. उत्तर काठानं खाणकामगारांच्या पडक्या वस्तीकडे रस्ता जातो. तिथून समोरच्या कड्यात काळं भोक दिसतं, पाण्यापासून जेमतेम 8 मीटरवर. तीच केविनची गुहा. जवळच टेम्पल-ना-स्केलिग, छोट्याशा प्रार्थनाघराचे अवशेष. तिथे होडीनंच जाता येतं.
हात पसरून प्रार्थना करताना केविनच्या तळहातावर ब्लॅकबर्डनं अंडं घातलं म्हणे, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. खरं-खोटं मी बघत नाही. त्या गारठ्यात एका पाखरासाठी माणसानं असं थांबावं, हेच मला फार मोठं वाटतं.
तुम्ही अशा जागी गेला असाल तर लिहा ना.

बाणकोटी :
रीफर्ट चर्च बघितलंत का? त्याच तळ्याच्या कोपऱ्याला, झाडीत. छप्पर नाही, पण ग्रॅनाइटची दाराची चौकट शाबूत आहे, वर किंचित निमुळती. सासूबाई बरोबर होत्या. दाराशी आल्या, चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेल्या. ओला दगड, खाली गवत. मीपण मग बूट काढले. बाकी सगळं विसरेन, हे नाही.

मुक्ताई७ :
चांदणवेल, अगं आपल्या महाभारतातल्या शांतिपर्वातला जाजली ऋषी! त्याच्या जटांत पाखरांनी घरटं केलं, पिल्लं उडून जाईपर्यंत तो हलला नाही. पुढे त्याला त्याचा गर्व झाला आणि तुलाधार वाण्याकडे शिकायला जावं लागलं. कुकर झालाय, नंतर लिहिते.

चांदणवेल :
मुक्ताई, अंगावर काटा आला. कुकर उतरव आणि परत ये.

पाऊसपाणी :
आमचं स्कॉटलंड. लॉख लोमंडमधलं (लॉख म्हणजे तळं) इंचकाइलोख बेट. काठावरच्या बाल्माहा गावाहून छोटी फेरी, पाच मिनिटांत पलीकडे. संत केंटिगर्ना तिथे राहिली, आयरिश राजकन्या, मुलगा फिलन तोही संत. ती गेली 733 च्या सुमारास. पुढे तिच्या नावानं चर्च झालं, ते 1670 पर्यंत चालू होतं. आता पायाचे दगड उरलेत. दफनभूमी मात्र 1947 पर्यंत वापरात होती, मॅकग्रेगर घराण्याची थडगी आहेत. मे महिन्यात ओकच्या झाडांखाली ब्लूबेल्सच्या निळ्या फुलांचा नुसता सडा! आई गेली त्या वर्षी गेले होते, तिथे बसून पोटभर रडले. बरं वाटलं.

बाणकोटी :
पाऊसपाणी, 🙏 काळजी घ्या.

सुगरणबाई :
चिलटं नाही चावली का? आम्हाला लॉखच्या काठी संध्याकाळी उभं राहू देईनात. मेमध्ये जाऊ की सप्टेंबरमध्ये?

पाऊसपाणी :
मेच्या सुरुवातीला जा. वारा असला की चिलटं येत नाहीत. बेटावर दुकान नाही, डबा घेऊन जा.

सुगरणबाई :
डबा म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या. दोन दिवस मऊ राहतात, दह्यात पीठ भिजवते मी.

रानजाई :
आयर्लंडमधली कॉर्ककर हजर! गूगान बाराबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ली नदी जिथून निघते ते तळं, त्यातलं बेट संत फिनबारचं. आता छोटा बांध आहे, चालत जाता येतं. फिनबारनं तळ्यातल्या लू नावाच्या सर्पाला हुसकावलं आणि त्याच्या जाण्यानं नदीची वाट झाली, अशी कथा. लेकीला सांगितली तर म्हणाली, हा तर कालिया! सप्टेंबरअखेर यात्रा भरते, तेव्हा जा. आम्ही गेलो तेव्हा म्हाताऱ्या बायका हातात जपमाळ घेऊन प्रदक्षिणा घालत होत्या. एकीनं लेकीचा हात धरला आणि बरोबर चालवलं.

मुक्ताई७ :
आले परत. दह्यात भिजवलेल्या पुऱ्या? प्रमाण द्या बाई. आणि डब्लिनहून ग्लेन्डालॉखला बस आहे का, की गाडीच काढावी लागते?

चांदणवेल :
बस आहे, केविनच्याच नावाची, शहराच्या मध्यातून सुटते. गाडीनं येणार असशील तर रविवारी सकाळी लवकर पोच, वरच्या तळ्याचं पार्किंग भरतं. आणि ये तेव्हा आमच्याकडेच उतर.