पालक येत नाहीत, की शाळाच अवेळी बोलावते?

धोटा:
सोलापूरच्या पूर्व भागातल्या हायस्कुलांत पालकसभा भरली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि शेरा ठरलेला: 'पालकांना पडलेलीच नाही.' मला हे पटत नाही. सभा शनिवारी सकाळी अकराला. त्या वेळी आई विडी कारखान्यात माल द्यायला गेलेली असते. मजुरी हजार विड्यांवर. आदल्या दिवशी भिजवलेली पानं वेळेत कापून वळली नाहीत तर वाळून चिरतात, म्हणजे सभेच्या तासासोबत पानंही जातात. बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. रात्रपाळी असेल तर अकराला गाढ झोपेत. सभा संध्याकाळी साडेसातला, वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या. आणि मराठी चिठ्ठीऐवजी फोनवर अर्ध्या मिनिटाचा तेलुगू निरोप पाठवा. घरी मराठी वाचणारं एकटं ते पोरगंच असतं, मग चिठ्ठी त्याच्या सोयीनंच वाचली जाणार की ओ.

खडूची धूळ:
निरोपाचं मान्य. समाजमंदिराचं अजिबात नाही. नववीतल्या मुलाला धड वाचता येत नाही हे शेजारणींसमोर सांगणार? दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत दिसणार नाही. शिवाय वह्या, चाचणीचे पेपर, हजेरी सगळं शाळेत. त्यापेक्षा दर गुरुवारी शाळा सुटल्यावर चारच पालक बोलवा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, समोर त्या मुलाची वही उघडी. साठाचा वर्ग 15 आठवड्यांत होतो. आणि शिक्षकाला वेळ कुठून आणता? मतदारयादीचं काम आलं की ते 15 आठवडेही कोलमडतात.

धोटा:
चार-चार बोलवणं चांगलं, पण हजेरीच्या क्रमानं नको. ज्याची वही कोरी, तो पहिल्या गुरुवारी.

वेलांटी:
जागा आणि वेळ यावरच भांडताय. त्या पंधरा मिनिटांत सांगणार काय? इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. तेलुगूभाषक मूल 'आई आलं' लिहितं, कारण तेलुगूत बाई आणि वस्तू यांना एकवचनात क्रियापदाचं एकच रूप चालतं. ती घरच्या भाषेची सावली. 'आपण' आणि 'आम्ही'त तेच मूल सहसा चुकत नाही, तो भेद तेलुगूत आहेच. अशा मुलाला 'मंद' म्हणून मागच्या बाकावर बसवणं हा अडाणीपणा आहे.

अध्ययन अक्षमता वेगळी. धड्यावरचं उत्तर तोंडी नीट देतं, तेच लिहायला सांगितलं की अक्षरं गळतात, क्रम उलटतो, फळ्यावरचं उतरवतानाही चुकतं. ओळखायचं कसं? दहा ओळींचं श्रुतलेखन, एक उतारा घड्याळ लावून वाचन, आणि त्याच उताऱ्यावर तोंडी प्रश्न. महिन्याभरानं पुन्हा. दोन्ही कागद तारखेसह जपून ठेवा. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, पुष्कळदा चष्म्यावरच भागतं.

खडूची धूळ:
तपासणी ठीक, निदान शिक्षकानं करू नये. घरी गेलं की 'पोरगं वेडं आहे म्हणाले' एवढंच उरतं.

वेलांटी:
निदान डॉक्टर आणि मानसतज्ज्ञच करतील. पण 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात हीही अक्षमता आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो. दहावीच्या जानेवारीत जाग आली तर काही उपयोग नाही, नववीच्या जूनलाच सुरुवात हवी.

खडूची धूळ:
कायदा पाठ आहे ओ. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, निम्म्या महिला, हेही पाठ आहे. पण ते आठवीपर्यंतच्या शिक्षणाच्या कायद्यातलं. नववी-दहावीला पालक-शिक्षक संघ, आणि त्याच्या वहीवर सह्याच जास्त.

धोटा:
सह्या सोडा. वेलांटी, तपासणी एका खेपेत होत नाही. बुद्ध्यांक एके दिवशी, वाचन-लेखन-गणिताची चाचणी दुसऱ्या दिवशी, मग कागद घ्यायला तिसरी खेप. आईचे तीन दिवस गेले, हजाराचा आकडा तीनदा चुकला. मुलासोबत शाळेचं कुणी जाणार की नाही?

खडूची धूळ:
एका शिक्षकानं चार मुलांना एकत्र न्यावं, मुख्याध्यापकांच्या पत्रासह. आईनं सही आणि लहानपणीची माहिती द्यायला एकदाच यावं. तो दिवस आईला विचारून ठरवा, एवढं मी मान्य करतो. समाजमंदिर मात्र नाही.