द फरगॉटन सिटी घ्यावा का? टाइम लूपचा कंटाळा येतो का?

गोदाकाठ, नांदेड
राम राम मंडळी. द फरगॉटन सिटी हा गेम सेलमधी स्वस्त झालाय, रिव्ह्यू चांगले दिसायलेत पण मला भ्या एकाच गोष्टीचं, तोच दिवस परत परत म्हणजे तीच माणसं अन् तेच बोलणं. मागं एक लूपवाला गेम घेतला होता, पाचव्या फेरीला वैतागून सोडला. हे पण तसंच आहे का? लॅपटॉप जुना आहे, तेही सांगा.

लातूरचा गडी
घे भाऊ, डोळे झाकून घे. दोन हजार वर्षांपूर्वीचं जमिनीखाली अडकलेलं रोमन गाव, अन् तिथं नियम एकच, एकानं जरी पाप केलं तर सगळ्या गावाचे सोन्याचे पुतळे होणार. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतेत ना, तसं. नियम मोडला की जुने पुतळे धनुष्य घेऊन उठतेत, आपण पळत सुटायचं अन् परत दिवसाच्या सुरुवातीला, पण खिशातलं सामान तसंच राहतं! एका बाईला विषबाधा झालेली असते, औषध असतं व्यापाऱ्याकडं अन् तो असा भाव सांगतो की आपल्याकडं तेवढे पैसेच नसतेत. मी चोरलं. पुतळे उठले, पळालो, लूप परत सुरू झाला, औषध खिशातच होतं, ते दिलं अन् बाई वाचली. मी कंट्रोलर खाली ठेवून बसूनच राहिलो, जीव वाचवायला केलेली चोरी पाप कशी काय? अन् केलेली कामं परत करायची नसतेत, गॅलेरियस नावाचा शेतकरी आहे, त्याला सांगितलं की तो पळत जाऊन करून येतो. म्हणून कंटाळा येत नाही.

परभणीची ताई
डोळे झाकून नको घेऊस रे. समीक्षकांनी कौतुक केलं ते लिखाणाचं अन् नियमावरच्या वादाचं, आणि ते खरंच आहे, पण लोकांचे चेहरे लाकडासारखे वाटतेत अन् मधी धनुष्यबाणाची मारामारी येते ती उगंच घुसडल्यासारखी आहे, ही तक्रारही बऱ्याच जणांनी केलीय अन् मला ती पटते. तरी एक ध्यानात घे, हे आधी स्कायरिम नावाच्या दुसऱ्या गेमचं २०१५ चं मॉड होतं, म्हणजे त्या गेमात खेळणाऱ्यानं स्वतः जोडलेला भाग, निक पिअर्स नावाच्या वकिलानं बनवलेलं, त्याला २०१६ मधी ऑस्ट्रेलियातल्या लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, मॉडला असा पुरस्कार पहिल्यांदाच. मग त्यानं नोकरी सोडली अन् तीन-चार जणांनी मिळून २०२१ मधी हा वेगळा गेम काढला. एवढ्या लहान टीमला चेहरे नाही जमले तर मी माफ करते, मारामारी नाही.

तेरणाकाठ
मी तेरजवळचा. तेर म्हणजे जुनं व्यापारी शहर तगर, इथला माल गुजरातेतल्या भडोच बंदरातून रोमकडं जायचा. संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे, तशीच एक १९३८ मधी इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहरात सापडलेली. आमच्याकडं पांढरीची माती उकरली की खाली जुनी वस्ती लागते. या गेममधी रोमन गावाखाली अजून जुने थर निघतेत, तिथं माझ्या अंगावर काटा आला. पुढचं सांगत नाही, चार शेवट आहेत, यूट्यूबवर बघू नको.

गोदाकाठ, नांदेड
घेतो मग. लॅपटॉपचं?

लातूरचा गडी
माझा जुनाच आहे, ग्राफिक्सचं सगळं सेटिंग 'लो'वर ठेवलं तर गेम चालला. सबटायटल चालू कर, बोलणं लई आहे.