मराठीच्या तासाला कोडिंग: कोणते पाठ घ्यावेत?

खडूफळा:
नमस्कार. मी तालुक्याच्या गावी सातवी-आठवीला मराठी शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आल्यानंतर आमच्या शाळेनेही आठवड्याला एक तास ठेवला आहे आणि त्यातला महिन्याचा एक तास भाषेच्या शिक्षकांनी घ्यावा असे ठरले आहे. मला पायथन ही संगणकाची भाषा जेमतेम येते. मुले अनेकवचनाचे नियम पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. सूचनालेखनात तर समोरच्याला काय ठाऊक नसेल, याचा विचारच करत नाहीत. या दोन्ही गोष्टी साधतील असे पाठ कोणी घेतले असल्यास कृपया सुचवावेत. संगणक नऊ आहेत, पट चाळीसचा.

पायमोडका:
ताई, अनेकवचनापासूनच सुरुवात करावी, कारण ज्याला नियम तोंडपाठ आहे तोही तो संगणकाला सांगायला बसला की अडतो, आणि तो नेमका कुठे अडतो हेच आपल्याला पाहायचे असते. माझ्या वर्गाने पहिला नियम असा लिहिला: शब्दाच्या शेवटी काना असेल तर तो काढून मात्रा द्यावी. ‘घोडा’चे ‘घोडे’ झाले, ‘आंबा’चे ‘आंबे’ झाले. मग एकाने ‘शाळा’ टाकली आणि पडद्यावर ‘शाळे’ उमटले. हशा ओसरल्यावर एका मुलीने विचारले की शाळा ‘ती’ आहे हे संगणकाला कोणी सांगितले होते? तेव्हापासून शब्दाबरोबर ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ हेही द्यायचे ठरले. त्यानंतर ‘काका’चे ‘काके’ आणि ‘मामा’चे ‘मामे’ झाले, म्हणून नात्याच्या शब्दांची वेगळी यादी करावी लागली. व्याकरणाच्या पुस्तकात अपवाद शेवटी बारीक अक्षरांत असतात. इथे ते मुलांनी स्वतः पकडलेले असतात, त्यामुळे विसरले जात नाहीत.

दुसरा पाठ जोडाक्षरांचा. पायथनला ‘विद्यार्थी’ची लांबी विचारली तर तो 10 सांगतो, मुले मात्र वि, द्या, र्थी अशी तीनच अक्षरे मोजतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, मूळ व्यंजन, वेलांटी, काना आणि पाय मोडण्याची खूण हे सगळे सुटे साठवलेले असते, हे फळ्यावर फोडून दाखवावे. डोक्यावर दिसणारा रफार साठवताना ‘थ’च्या आधी येतो, हे कळले की रफार नक्की कोणत्या अक्षरावर द्यायचा याचा घोळ बराच कमी होतो. ‘काम’ उलटा करायला सांगितल्यावर सगळे ‘मका’ची वाट पाहतात आणि ‘माक’ येतो, कारण काना मधल्या जागीच राहतो आणि आता तो ‘म’ला चिकटतो. एवढ्या एका शब्दावर माझा अर्धा तास गेला आहे.

अर्धविराम:
वरील प्रतिसादाशी सहमत. सूचनालेखनासाठी पहिला तास संगणकाशिवायच घ्यावा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने आकृतीचे वर्णन करावे, दुसऱ्याने काहीही न विचारता ती काढावी. ‘मग थोडं वळ’ म्हणजे किती आणि कोणत्या बाजूला, यावर वाद झाला की पायथनमधले ‘टर्टल’, म्हणजे सूचनांप्रमाणे पडद्यावर फिरून रेषा काढणारे कासव, उघडावे. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झीग यांनी 1967 मध्ये मुलांसाठी घडवलेल्या लोगो या भाषेतून हे कासव पुढे प्रसिद्ध झाले आणि त्याला आजही अंतर व अंश सांगितल्याशिवाय हलता येत नाही.

आठवीसाठी ‘जुन्या शाळेच्या इमारतीत’ हा शब्दसमूह द्यावा. जुनी काय, शाळा की इमारत? सामान्यरूपामुळे दोन्ही अर्थ निघतात. गणितातल्यासारखे कंस घालून दोन्ही अर्थ वेगळे दाखवायला सांगावे आणि मग कंस न वापरता, केवळ शब्दांची जागा बदलून तेच साधायला सांगावे. खरे भाषाशिक्षण या दुसऱ्या भागात आहे.

एक अवांतर: कोणीतरी ‘संस्कृत हीच संगणकासाठी सर्वोत्तम भाषा’ हे वाक्य हमखास आणेल. त्याचे मूळ बहुधा संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या 1985 च्या एका लेखात आहे आणि लेखातला दावा त्या वाक्यापेक्षा बराच मर्यादित आहे. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे नियमांच्या मांडणीचा अप्रतिम नमुना आहेत, पण सातवीच्या वर्गात ‘शाळे’ अधिक उपयोगी पडते.

उंबरठा:
पाठ चांगले आहेत, परंतु माणसेही संगणकासारखीच बोलतात असा समज मुलांचा होऊ नये. मी मुलांकडून पाहुण्यांशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम लिहून घेते. एका गटाने नियम घातला की वाक्यात ‘येतो’ आले तर ‘या, बसा’ म्हणावे. मग दुसऱ्या गटातल्या मुलाने पाहुणा होऊन, निघताना, ‘बरं, येतो हं’ असे टंकले आणि प्रोग्रॅमने त्याला पुन्हा बसवले. आपण निघताना ‘जातो’ का म्हणत नाही, याची चर्चा त्यानंतर आपोआप झाली. पाहुणा आला आहे की निघाला आहे, हे प्रोग्रॅमला कसे कळावे यावर मुलांनी चार उपाय काढले, त्यांतला एकही पुरता चालला नाही.

खडूफळा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या तासाला अनेकवचन घेईन. एकच शंका: एका संगणकावर चार-पाच मुले बसतील, तर बाकीच्यांनी काय करावे?

पायमोडका:
कामे वाटून द्यावीत. एकाने नियम वहीत पूर्ण वाक्यात लिहावा, दुसऱ्याने तो टंकावा, उरलेल्यांनी नियम मोडणारे शब्द शोधावेत. दर दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात, नाहीतर टंकणारा शेवटपर्यंत उठत नाही. पायथन 3 मध्ये किंमत साठवणाऱ्या चलांना ‘शब्द’, ‘लिंग’ अशी देवनागरी नावे चालतात. फक्त देवनागरी टंकण्याचा इन्स्क्रिप्ट कळफलक आदल्या दिवशी सगळ्या संगणकांवर सुरू करून ठेवावा.